दोन जहाजं आणि एक कुटी

आमच्या वर्ध्यापासून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटरवर. इकडे नदी म्हणजे वर्धा, वेणा आणि धाम. त्याही उन्हाळ्यात अशा आटतात की मधल्या वाळूत क्रिकेटचे सामने होतात. त्यामुळे जहाज, गलबत, बंदर हे शब्द आमच्या बोलण्यात येण्याचं काही कारणच नाही. सैन्याशी आमचा संबंध म्हणजे पुलगावचा दारूगोळा डेपो. तोही तारेच्या कुंपणाबाहेरून पाहिलेला.

तरी इंग्रजांना एकदा वाटलं होतं की आपल्या वर्धा नदीतून नावा चालवाव्यात! खोटं नाही, खरंच. हिंगणघाटचा कापूस तेव्हा त्याच नावाने परदेशातल्या बाजारात ओळखला जायचा. तो बैलगाड्यांतून शेकडो मैल नेण्यापेक्षा वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा नद्यांतून थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी ती योजना. खडकाळ जागी बांध आणि कालवे काढायला सुरुवातही झाली. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये नदीची योजना गुंडाळली गेली. आमचा आणि जहाजांचा संबंध तिथेच संपला म्हणायला हरकत नाही.

मग आज हा माणूस जहाजांवर का लिहितोय, असं तुम्ही विचाराल. सांगतो. दोन जहाजं गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक मुंबईत बांधलं गेलं आणि आज इंग्लंडमध्ये सुखरूप आहे. दुसरं इंग्लंडच्या त्याच भागात बांधलं गेलं आणि मुंबईत मोडीत निघालं. ही अदलाबदल कुणी कादंबरीत लिहिली असती तर आपण म्हटलं असतं, काहीतरीच जुळवून आणलंय!

पहिलं जहाज 'ट्रिंकोमाली'. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या घराण्याने बांधलेली युद्धनौका. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे काही पिढ्या या पारशी सुतारांच्या घराण्याने गोदीचं काम पाहिलं. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडमध्ये जहाजांसाठी ओकचं लाकूड कमी पडायला लागलं होतं. इकडे मलबारचा सागवान होता. पाण्यात राहूनही न कुजणारा, किड्याला दाद न देणारा. म्हणून १८१२ मध्ये हे जहाज मुंबईत बांधायचं ठरलं. त्याचे नकाशे घेऊन 'जावा' नावाची युद्धनौका निघाली, तर तिला वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने गाठलं. 'जावा' गेली, तिच्याबरोबर नकाशेही गेले. पुन्हा नकाशे येईपर्यंत काम खोळंबलं. शेवटी जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली ते पुरं झालं आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात उतरलं.

आता या तारखेकडे जरा नीट बघा. १२ ऑक्टोबर १८१७. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाई संपायला लागली. आणखी तीन आठवड्यांनी, २६ नोव्हेंबरला, सीताबर्डीची लढाई सुरू झाली आणि आमचे नागपूरकर भोसलेही हरले. वर्ध्याचा मुलूख तेव्हा भोसल्यांच्या राज्यातला. म्हणजे आमच्या राज्याचा निकाल लागत होता तेव्हा मुंबईच्या गोदीत या जहाजाच्या सागवानाचा वास अजून ताजा असणार. त्या जहाजाने त्या लढाया लढल्या नाहीत, हे खरं. पण ज्यांच्याकडे असं जहाज मागवायची ऐपत होती ते जिंकले आणि ज्यांनी समुद्र कधी आपला मानला नाही ते हरले, एवढं मात्र दिसतं.

मराठ्यांचं आरमार नव्हतं का? होतं की! कान्होजी आंग्र्यांना इंग्रज शेवटपर्यंत नमवू शकले नाहीत. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. समुद्राकडून वॉटसनचं इंग्रजी आरमार तोफा डागत होतं आणि जमिनीकडून वेढा घालून कोण बसलं होतं? पेशव्यांचं सैन्य. तुळाजींशी पेशव्यांचं भांडण होतं, त्याची कारणंही होती, ती मला ठाऊक आहेत. पण त्या आगीनंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारं फारसं कुणी उरलं नाही. त्या आरमारातलं एकही गुराब, एकही गलबत आज आपल्याला हात लावून पाहता येत नाही. चित्रात आणि बखरीत आहे तेवढंच.

दुसरं जहाज 'विक्रांत'. तिची कुंडली थोडक्यात अशी. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, ईशान्य इंग्लंडमधल्या टाइन नदीकाठच्या गोदीत 'हर्क्युलिस' या नावाने तिचं काम सुरू झालं. १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, तोवर युद्ध संपलेलं. अर्धवट सांगाडा तसाच पडून राहिला. १९५७ मध्ये भारताने तो विकत घेतला, बेलफास्टला पुरा करून घेतला आणि ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडितांच्या उपस्थितीत ती भारतीय नौदलात आली. लांबी सुमारे २१३ मीटर, वजन सोळा हजार टनांच्या वर. आपली पहिली विमानवाहू नौका.

१९७१ ला तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता. पूर्ण वेगाने पळता येत नव्हतं. तरी ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरला तिच्यावरच्या 'सी हॉक' विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद करण्यात तिचा मोठा वाटा. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. तिचं संग्रहालय करायचं ठरलं आणि २००१ पासून काही काळ लोकांना ती आत जाऊन पाहता यायची.

त्याच काळातल्या एका डिसेंबरात मी आणि बाबा ती पाहायला गेलो. बाबांची सगळी नोकरी हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, गाठींच्या वजनाचा हिशोब ठेवण्यात गेलेली. सेवाग्राम एक्स्प्रेसने सकाळी सीएसटीला उतरलो. टॅक्सी करू म्हटलं तर बाबा म्हणाले, "कायले? पाय आहेत ना." म्हणून चालत निघालो. ते फार बरं झालं. कारण फोर्टमधून गोदीकडे चालत जाणं म्हणजे या दोन जहाजांच्या मधल्या दीडशे-दोनशे वर्षांतून चालत जाणंच आहे.

सुरुवात स्टेशनापासूनच. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधलेलं हे स्टेशन १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षांत पुरं झालं. ते बांधणारी जीआयपी रेल्वे कंपनी तीच, जिने आमच्या वर्ध्यावरून नागपूरपर्यंत रूळ टाकले. म्हणजे ज्या रुळावर बसून आम्ही आलो त्याचं हे दुसरं टोक. बाबांनी घुमटाकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या कापसाच्या भाड्यातून निघालं असन का हे?" मी म्हटलं, थोडंफार निघालंच असणार.

तिथून दादाभाई नवरोजी रोडने हुतात्मा चौक. इथे मुंबईच्या कोटाचं चर्चगेट हे दार होतं. १८६० च्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या आणि त्या दाराच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस बंद, म्हणून मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. मुंबईत पैसा नुसता धो धो येत होता. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. पण त्या चार वर्षांच्या पैशाने मुंबईचा चेहरा बदलला तो बदललाच.

पुढे हॉर्निमन सर्कल. ही जागा पूर्वी मोकळं मैदान होती आणि कापसाच्या गाठी इथे रचून ठेवलेल्या असायच्या. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला हलला. हे सांगितल्यावर बाबा तिथल्या बाकावर बसले ते उठेचनात. सेंट थॉमस चर्चच्या बाजूने पार टाउन हॉलच्या पायऱ्यांपर्यंत त्यांची नजर फिरत होती. शेवटी म्हणाले, "पाचेक हजार गाठी बसतीन आरामात." मोठमोठे इतिहासकार हॉर्निमन सर्कलबद्दल बरंच काही लिहून गेलेत, पण त्याची गाठींमध्ये मोजणी करणारा माणूस मला एकच माहीत आहे.

टाउन हॉल (१८३३ चा, आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय) मागे टाकला की डावीकडे नौदलाची लांबच लांब भिंत लागते. आत 'आय.एन.एस. आंग्रे'. ही मूळची कंपनीच्या किल्ल्याची जागा, बॉम्बे कॅसल. कान्होजींच्या बंदोबस्ताचे बेत जिथे शिजले, त्या जागेला १९५१ मध्ये आपण कान्होजींचंच नाव दिलं. मला ही फार गमतीची आणि फार देखणी गोष्ट वाटते. त्याच्या पाच वर्षं आधी याच आवारात, तेव्हाच्या कॅसल बराक्समध्ये, गोळीबार झाला होता. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार'वरच्या खलाशांनी बंड केलं, ते जहाजांवर आणि इथवर पसरलं. २१ तारखेला या भिंतीच्या आतून आणि बाहेरून गोळ्या चालल्या. आज भिंतीकडे पाहून काही कळत नाही. फुटपाथवर चहावाला आणि झेरॉक्सवाला.

मग लायन गेट. दोन्ही बाजूंना सिंह बसलेले. या फाटकाच्या आत ती गोदी, जिथे 'ट्रिंकोमाली' बांधली गेली. आणि आम्ही पाहायला आलो होतो ती 'विक्रांत'.

पहिल्यांदा ती दिसली तेव्हा ते जहाज आहे असं वाटलंच नाही, करड्या रंगाची एखादी गिरणी पाण्यात उभी आहे असं वाटलं. आत गेलो. विमानं ठेवायचा तो भलामोठा हॉल, वर-खाली करणारी लिफ्ट, मग अरुंद जिने चढून वरची धावपट्टी. पुढच्या टोकाला वर उचललेला उतार, 'सी हॅरियर' विमानांसाठी नंतर बसवलेला. शाळेची पोरं ओरडत धावत होती. मी आपला १९७१, सी हॉक, चितगाव असं काय काय सांगत होतो. बाबांचं लक्षच नव्हतं. ते कठड्यापाशी वाकून खाली पाहत होते. रंगाचे पापुद्रे सुटून तांबूस ओघळ आलेले.

जवळ एक नौसैनिक उभा होता, कोकणातला. बाबांनी त्याला विचारलं, "काहो, येवढं लोखंड पान्यात उभं आहे, ह्याचा जंग कोन खरडते?"

तो हसला. म्हणाला, "काका, चालू जहाजावर आम्ही रोज खरडतो. एका टोकाकडून सुरू करायचं. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक परत गंजलेलं असतं. पण त्याला हात पाहिजेत ना. इथे आता तेवढे हात कुठे?"

बाबांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "नाही टिकत मग."

नाहीच टिकली. कायमचं संग्रहालय चालवायला राज्य सरकारला कुणी भागीदार मिळाला नाही. २०१२ मध्ये ती लोकांसाठी धोकादायक ठरवून बंद केली. मग ती मोडीत काढायची ठरलं. काही लोक कोर्टात गेले. जानेवारी २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वाट मोकळी केली. सुमारे साठ कोटींना ती विकली गेली होती. गोदीतून ओढत तिला दारूखान्याला नेलं आणि नोव्हेंबरमध्ये गॅस कटर लागले. तिच्या पोलादाचा काही भाग २०१६ मध्ये बजाजच्या 'व्ही' मोटरसायकलीत आला. त्याच वर्षी लायन गेटजवळच्या चौकात अर्झान खंबाटांनी तिच्याच लोखंडातून घडवलेलं स्मारक उभं राहिलं. तिच्या पाठोपाठ 'विराट' २०१७ मध्ये निवृत्त झाली. तिच्यासाठी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ८५२ कोटींची योजना मंजूर केली. संग्रहालय, हॉटेल, सगळं काही. प्रत्यक्षात २०२० मध्ये तीही अलंगच्या किनाऱ्यावर गेली.

आता 'ट्रिंकोमाली'चं काय झालं ते ऐका. तिचीही अवस्था फार वेगळी नव्हती. १८९७ मध्ये ब्रिटिश नौदलाने तिला मोडीतच काढली होती! भंगारवाल्याकडे गेलीसुद्धा. तिथून जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थाने तिला परत विकत घेतलं, कारण पोरांना समुद्राचं शिक्षण द्यायला त्याला एक जहाज हवं होतं. तिचं नाव बदललं, पुढे अनेक दशकं पोरं तिच्यावर राहिली, डेक धूत राहिली, दोर ओढत राहिली. १९८७ मध्ये तिला हार्टलपूलला आणलं. दुरुस्तीला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. आज ती तिथल्या नौदल संग्रहालयात पाण्यावर उभी आहे. तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये सर्वांत जुनी. तिच्याहून जुनी 'व्हिक्टरी' आहे, पण ती कोरड्या गोदीत. आणि हार्टलपूलहून टाइन नदी, जिथे 'विक्रांत' जन्मली, मोटारीने साधारण तासाभरावर! तिकडे राहणाऱ्या माझ्या भाचीने फोटो पाठवलेत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं ते देखणं जहाज बघताना आपल्या माणसाला परगावी चांगला संसार करताना पाहिल्यासारखं वाटतं. आनंदही होतो आणि आत काहीतरी टोचतंही.

यावरून लगेच "त्यांना इतिहासाची कदर, आपल्याला नाही" असं म्हणायचा मोह होतो. मला ते पुरेसं वाटत नाही. हिशोब सरळ करू. 'ट्रिंकोमाली' हजारेक टनांचं सागवानी जहाज, 'विक्रांत' सोळा हजार टनांचं लोखंड, तेही आपल्या दमट खाऱ्या हवेत. दोघींच्या खर्चाची तुलनाच नाही. नौदलाला गोदीतली जागाही हवी होती आणि त्यांचं पहिलं काम आजची जहाजं चालती ठेवायचं आहे, कालची नव्हे. शिवाय भावनेचं म्हणाल तर ती आपल्याकडे कमी नव्हतीच. सह्या झाल्या, लेख झाले, डोळे भरून आले. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला नवी, आपणच बांधलेली 'विक्रांत' दाखल झाली तेव्हाही जुनीची आठवण सगळ्यांनी काढली.

कमी पडले ते हात. रोजचे हात. कॉबने 'ट्रिंकोमाली'साठी भाषण केलं नाही, तिला काम दिलं. काम होतं म्हणून माणसं होती, माणसं होती म्हणून डेक धुतला जात होता. तिच्यावर कधी कुणाचं ८५२ कोटींचं स्वप्न नव्हतं, पण कुणाचा ना कुणाचा फडका मात्र सतत फिरत होता.

आणि हे आम्हा वर्धेकरांना कुणी इंग्लंडहून शिकवायची गरज नाही. सेवाग्रामला चला. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, तेव्हाच्या त्या कुट्या. माती, बांबू, वर कवेलू. आपल्या पावसात मातीची भिंत दोन-चार वर्षं दुर्लक्ष केलं तर ढासळते, उधई लागते ती वेगळी. तरी बापू कुटी नव्वद वर्षांकडे आली आणि उभी आहे. का? कारण कुणीतरी ती सारवतं. पावसाळ्याआधी कवेलू फेरतं, पोपडा निघाला तिथे माती लिंपतं. त्यात काही विशेष केलं असं कुणालाच वाटत नाही, म्हणून ते चालू राहतं. माझ्या आजीला विचारलं असतं की तुझ्या घराला किती वर्षं झाली, तर ती म्हणाली असती, "कोनतं घर? हे तं परवाच सारवलं." सोळा हजार टनांची युद्धनौका निवृत्तीनंतर अठरा वर्षंही टिकली नाही, आणि मातीची झोपडी टिकली. अहिंसेच्या गावात उभं राहून युद्धनौकेसाठी हळहळणं विचित्र वाटेल, पण मला हे सगळं जास्त स्पष्ट दिसलं ते तिथेच.

तेव्हा मंडळी, मुंबईला गेलात तर टॅक्सी करू नका. स्टेशनापासून लायन गेटपर्यंत चालत जा. स्मारकापाशी थांबा, हात लावा, ते लोखंड खरंच चितगावपर्यंत जाऊन आलेलं आहे. आणि गावी परतल्यावर आपल्या आजूबाजूला बघा. हिंगणघाटात, पुलगावात, आर्वीत जुन्या जिनांच्या शेड उभ्या आहेत. कुठे शंभर वर्षांचा प्रेस आहे, कुठे दगडी चिमणी. कुणी त्यांचं संग्रहालय करावं असं मी म्हणत नाही. पण पावसाळ्यापूर्वी छपरावरचं पिंपळाचं रोपटं उपटून टाकायला तरी कुणी चढतं का, एवढं विचारून या. उत्तर "हो" असेल तर मला जरूर कळवा. बाबांना वाचून दाखवीन.